चार रात्री किनाऱ्यावर तंबूत: आइसबॉक्समधलं अन्न शेवटपर्यंत गार कसं ठेवायचं

डिसेंबर-जानेवारीत आम्ही तीन कुटुंबं मिळून दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावर चार रात्री तंबू ठोकतो. कधी केळशी, कधी आंजर्ले, कधी मुरुड. मुलं धरून अकरा माणसं. पहिल्या वर्षी आमच्याकडे पन्नास लिटरचा नवा कोरा आइसबॉक्स होता, त्यामुळे खाण्यापिण्याची काळजीच नाही असं मी धरून चाललो होतो. निघताना दुकानातून पाच किलो बर्फाचे तुकडे घेतले, वर चिकन, पनीर, दूध, दही, ओल्या खोबऱ्याची चटणी आणि पाण्याच्या बाटल्या कोंबल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी झाकण उघडलं तर आत कोमट पाणी आणि त्यात तरंगणाऱ्या पिशव्या. चटणीला वास नव्हता, चवही बिघडली नव्हती, म्हणून रात्री ती पानात वाढली. मध्यरात्री दोन मुलांना उलट्या सुरू झाल्या आणि त्या अंधारात, वळणावळणाच्या रस्त्याने, गाडी दापोलीला डॉक्टरांकडे न्यावी लागली. मुलं दोन दिवसांत बरी झाली, पण ती रात्र मी विसरलेलो नाही.

त्यानंतर दरवर्षी थोडं थोडं शिकत गेलो. यंदा पाचव्या दिवशी सकाळी परत निघताना पेटीत ४ अंश तापमान होतं. पहिल्यांदाच जाणार असाल तर हे सगळं तुम्हाला एकदम मिळावं म्हणून सविस्तर लिहितोय.

१. पेटी काय करते आणि काय करत नाही

आइसबॉक्सला आपण मनातल्या मनात छोटा फ्रिज समजतो. तो फ्रिज नाही. फ्रिज आतली उष्णता बाहेर काढतो. पेटी फक्त बाहेरची उष्णता आत शिरायला उशीर लावते. आत शिरलेली उष्णता शोषून घेणारा एकटा बर्फ. म्हणून प्रत्येक वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: मी आत्ता पेटीत किती उष्णता घालतोय?

हिशेब सोपा आहे. १ किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता पितो. १ लिटर पाणी १ अंशाने गार करायला सुमारे ४.२ किलोज्यूल काढावे लागतात. म्हणजे ३० अंशांच्या दहा लिटर पाण्याच्या बाटल्या ५ अंशांवर आणायच्या तर जवळजवळ ३ किलो बर्फ त्यातच संपतो. मी नेलेल्या पाच किलोंपैकी निम्म्याहून जास्त बर्फ पहिल्या दोन-तीन तासांत पाण्याच्या बाटल्यांनीच खाल्ला होता. चिकन आणि चटणीच्या वाट्याला काही उरलंच नाही.

दुसरी गोष्ट, बर्फाचा आकार. चुऱ्याला आणि छोट्या तुकड्यांना भोवताली हवा लागायला खूप जागा असते, म्हणून ते पटकन गार करतात आणि पटकन संपतात. मोठा ठोकळा हळू वितळतो. १८३३ साली बॉस्टनहून निघालेलं ‘टस्कनी’ जहाज १८० टन नैसर्गिक बर्फ घेऊन चार महिन्यांनी कोलकात्याला पोचलं, तेव्हा शंभर टनांच्या आसपास बर्फ शिल्लक होता. यंत्र नाही, वीज नाही, आणि वाटेत दोनदा विषुववृत्त. प्रचंड मोठा साठा, मोठे ठोकळे, बाहेरची हवा आत येऊ नये याची काळजी. आपल्या पेटीलाही हेच तत्त्व लागू आहे, फक्त प्रमाण लहान.

२. गार लागणाऱ्या वस्तू आधी कमी करा

पेटी घेण्याआधी कागद-पेन घ्या आणि चार दिवसांचा स्वयंपाक लिहून काढा. मग प्रत्येक वस्तूपुढे लिहा: हिला गारवा खरंच लागतो का?

आपल्या आजीच्या काळात फ्रिज नव्हता आणि प्रवास मात्र होत होता. त्यामुळे गारव्याशिवाय टिकणारं खाणं आपल्याकडे भरपूर आहे. दुधात पीठ भिजवलेल्या दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, गूळपोळ्या, मेतकूट, शेंगदाण्याची आणि सुक्या खोबऱ्या-लसणाची चटणी, थालीपिठाची भाजणी, कुळथाचं पीठ, आमसुलं, सुकट, सोडे. कांदे, बटाटे, लाल भोपळा, सुरण, कच्ची केळी. यातलं काहीही पेटीत जात नाही. दुधासाठी उच्च तापमानावर प्रक्रिया केलेलं, खोक्यातलं अर्ध्या लिटरचं दूध घ्या. न फोडता ते बाहेरच टिकतं, आणि फोडलं की लगेच संपवता येतं. अंडी दुकानात बाहेर ठेवलेली असतील तीच घ्या. फ्रिजमधली काढून नेली तर त्यांना बाहेर पाणी सुटतं, मग ती गारच ठेवावी लागतात.

पेटीत जाणार काय, तर चिकन-मटण, मासळी, पनीर, दही, लोणी, भिजवलेली मोडाची कडधान्यं, चिरलेल्या भाज्या. ओलं खोबरं आणि नारळाचं दूध हे दोन पदार्थ सगळ्यांत फसवे आहेत. कोकणात नारळ जागेवर मिळतो. लागेल तेव्हा फोडा, खवा आणि त्याच जेवणात संपवा. आमच्या यादीतून खवलेलं खोबरं मी कायमचं काढून टाकलंय.

उरलेल्या भाताबद्दलही सांगायला हवं. भात रात्रभर बाहेर ठेवून सकाळी फोडणी देण्याची आपल्याला सवय असते. शिजलेल्या भातात वाढणाऱ्या एका जातीच्या जंतूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. तळावर भात मोजून शिजवा. उरलाच तर तासाभरात पसरट डब्यात गार करून पेटीत ठेवा, नाहीतर सरळ टाकून द्या.

३. पेटी निवडताना आणि घरात असलेली तपासताना

अकरा माणसांना एक मोठी पेटी घेण्यापेक्षा दोन मध्यम पेट्या बऱ्या. एक अन्नाची, एक पाणी-सरबताची. मुलं दर दहा मिनिटांनी पाण्याची पेटी उघडतात आणि त्यांना अडवण्यात अर्थ नाही. तीच अन्नाची पेटी असेल तर संध्याकाळपर्यंत बर्फ संपलाच म्हणून समजा. पाण्यासाठी मासेवाल्यांकडे असतो तसा जाड थर्माकोलचा डबाही चालतो.

अन्नाच्या पेटीच्या भिंती जाड हव्यात, झाकणाला रबराची पट्टी हवी आणि खाली पाणी काढायचं बूच हवं. पट्टी तपासायची सोपी रीत: कागदाची पट्टी झाकणात अडकवून ओढा. सहज सुटून आली तर तिथून हवा जाते. चारही बाजूंनी बघा, बिजागरीकडची बाजू हमखास ढिली असते.

आणि झाकणावर टिचकी मारून बघा. बऱ्याच स्वस्त पेट्यांच्या भिंतीत फोम असतो पण झाकण पोकळ असतं. आमचंही तसंच निघालं. मी आतल्या मापाची दीड इंची थर्माकोलची शीट कापून ती स्वच्छ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली आणि सामानाच्या वर, झाकणाखाली ठेवायला लागलो. पैसे किरकोळ, फरक मोठा.

पेटीव्यतिरिक्त हे सामान जवळ ठेवा:

- टोकदार सळईचा स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर
- दोन-दोन लिटरच्या रिकाम्या पाण्याच्या बाटल्या, सात-आठ
- घट्ट झाकणाचे डबे. कच्च्या मांस-मासळीचे वेगळे, ओळखू येतील असे
- जाड प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशव्या
- गोणपाट किंवा जुनी गोधडी
- पेटीखाली ठेवायला लाकडाचे दोन ठोकळे
- बर्फ फोडायला टोच्या आणि छोटी हातोडी
- पेटीभोवती बांधायचा पट्टा

कागदपत्रांत ओळखपत्रं आणि तंबू ठोकायला घेतलेली परवानगी. सुरूचं बन मोकळं दिसलं म्हणून तिथे तंबू टाकू नका. जागा कुणाची हे ग्रामपंचायतीत विचारा. आम्ही एका वाडीच्या मालकांना विचारून त्यांच्या आवारात उतरतो. विहिरीचं पाणी, सावली आणि अडीनडीला माणूस, तिन्ही मिळतात.

४. चार दिवस आधीपासून बर्फ गोठवा

घरच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात दोन लिटरची बाटली पूर्ण गोठायला एक दिवस सहज लागतो, कधी त्याहून जास्त. आदल्या रात्री आठ बाटल्या एकदम ठेवल्या तर सकाळी आठही अर्धवट गोठलेल्या मिळतात. दर रात्री दोन ठेवा, आधीच्या मागे सरकवा. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, म्हणून बाटली गळ्यापर्यंत भरू नका आणि झाकण घट्ट लावण्याआधी बाटली थोडी दाबून हवा काढा.

बाटल्यांचा फायदा दुहेरी. वितळलेलं पाणी पेटीत सांडत नाही आणि शेवटी पिताही येतं.

कुल्फीवाल्याच्या मडक्यातला मीठ-बर्फ सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावरून काही जण बाटल्यांत मिठाचं पाणी गोठवतात. मिठाच्या पाण्याचा बर्फ शून्याच्या खाली वितळतो, म्हणून गोठलेलं चिकन गोठलेलं ठेवायला एखादी अशी बाटली उपयोगी पडते. पण तिच्याजवळ दही, पालेभाजी, अंडी गोठून वाया जातात. एकच बाटली ठेवा, तिच्यावर ‘मीठ’ असं ठळक लिहा आणि ती तळाशी, मांसाच्या डब्याला खेटून ठेवा.

याच चार दिवसांत चिकन मसाला लावून, एका जेवणाचं एक असं पाकीट करून, चपटं गोठवा. चपटी पाकिटं एकमेकांवर नीट बसतात आणि तीही बर्फाचंच काम करतात. तिसऱ्या दिवशीचं पाकीट सगळ्यांत खाली.

५. पेटी भरण्याची रीत

आदल्या रात्री पेटी घरातल्या गारेगार कोपऱ्यात ठेवून आत दोन गोठलेल्या बाटल्या टाका आणि झाकण लावा. गॅलरीत किंवा माळ्यावर तापलेली पेटी स्वतःच बर्फ खाते. सकाळी त्या बाटल्या पाण्याच्या पेटीत टाका आणि अन्नाच्या पेटीत ताज्या गोठलेल्या भरा.

आत जाणारी प्रत्येक वस्तू आधी फ्रिजमध्ये गार झालेली हवी. दुकानातून थेट पेटीत काहीही जायला नको.

तळाला आडव्या बाटल्या, त्यांवर गोठलेलं कच्चं मांस घट्ट डब्यात. मग बाजूंनी उभ्या बाटल्या, मध्ये पनीर, दही, कडधान्यं. सगळ्यांत वर आज लागणाऱ्या वस्तू आणि एक बाटली आडवी, कारण गार हवा खाली उतरते. कच्चं मांस नेहमी खालीच. त्याचा डबा गळला तर त्याचा रस दह्यावर किंवा काकडीवर जाता कामा नये. काकडी आपण शिजवत नाही. रिकामी जागा उरली तर पुसायची फडकी किंवा वर्तमानपत्रांचे बोळे भरा. आत जितकी हवा कमी, तितकं बरं.

आमच्या पन्नास लिटरच्या पेटीत १२ किलो बर्फ आणि त्याच्या वरताण नाही इतकंच अन्न, असं प्रमाण असतं. सावलीत, गोधडी गुंडाळून, दिवसाला चार ते पाच किलो बर्फ वितळतो. म्हणजे घरून नेलेला बर्फ फार तर अडीच-तीन दिवस. चार रात्रींसाठी वाटेत किंवा गावात बर्फ घ्यावाच लागतो, आणि हे निघण्याआधीच ठरलेलं असावं. तुमच्या पेटीचा आकडा वेगळा येईल. एखाद्या शनिवारी घरीच मोजून भरलेला बर्फ चोवीस तासांनी किती उरला ते बघा.

इन्सुलिनसारखं औषध बरोबर असेल तर ते बर्फाला कधीही टेकू देऊ नका. ते गोठलं की निकामी होतं. वेगळ्या डब्यात, रुमालात गुंडाळून, वरच्या थरात ठेवा आणि निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या.

६. प्रवासात

पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, मंडणगड करत केळशीला पोचेपर्यंत चहा-जेवण धरून सहा-सात तास जातात. पेटी डिकीत टाकू नका. उन्हात उभ्या गाडीची डिकी भट्टी होते. मागच्या सीटच्या पायाशी, एसीच्या हवेत ठेवा, वरून गोधडी. वाटेत खायचं सगळं वेगळ्या पिशवीत ठेवा, म्हणजे पेटी थेट तळावरच उघडेल.

७. तळावर पेटीची जागा

सकाळी दहाला सावली बघून पेटी ठेवली आणि समुद्रात गेलात तर चूक होईल. पश्चिम किनाऱ्यावर दुपारनंतर ऊन समुद्राकडून तिरपं आत येतं आणि सुरूची विरळ सावली पार सरकते. सकाळीच उभं राहून सूर्याचा रस्ता बघा आणि दुपारी तीननंतर सावली कुठे असेल तिथे पेटी ठेवा. तंबूत ठेवू नका. दुपारी बंद तंबू बाहेरच्यापेक्षा गरम होतो.

वाळू दुपारी पायाला चटके देते, म्हणून खाली लाकडाचे दोन ठोकळे. वरून गोधडी.

ओलं गोणपाट टाकावं का, हे नेहमी विचारतात. माठ जसा पाणी झिरपून गार होतो तसं ओलं गोणपाटही बाष्पीभवनाने गार होतं. पण त्याला कोरडी हवा लागते. नगर, सोलापूरकडे किंवा विदर्भात ओल्या गोणपाटाचा चांगला उपयोग होतो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत फारच थोडा. तिथे कोरडी गोधडीच बरी. आणि झाकणावर कायम पट्टा बांधलेला असू द्या. कुत्री रात्री झाकण नाकाने उचलतात.

८. उघडायचं कधी

आमच्याकडे अन्नाची पेटी दिवसातून तीनदाच उघडते: सकाळी, दुपारच्या आणि रात्रीच्या स्वयंपाकाआधी. उघडणारी व्यक्तीही एकच, माझी वहिनी. ती आधी विचारते, “काय काय हवंय ते एकदाच सांगा.” यादी तोंडपाठ झाली की झाकण उघडतं, वस्तू निघतात, झाकण बंद. काय कुठे आहे याचा कागद झाकणावर चिकटवलेला असतो, त्यामुळे आत हात घालून चाचपडावं लागत नाही.

९. वितळलेलं पाणी काढायचं का?

यावर दोन्ही बाजूंनी ठाम मतं ऐकायला मिळतात. सुटा बर्फ घातला असेल आणि पाणी अजून अगदी गार असेल तर ते लगेच काढण्याची घाई नको. पाणी काढलं की ती जागा गरम हवा घेते, आणि गार पाण्याने वेढलेली बाटली हवेतल्या बाटलीपेक्षा जास्त गार राहते. पण पिशवीतलं अन्न पाण्यात बुडू लागलं, किंवा पाण्यात मांस-मासळीचा रस गेल्याची शंका जरी आली, तर बूच उघडून पाणी काढा. नवा बर्फ घालण्याआधीही काढा. हे पाणी भांड्यांना, हाताला, भाज्यांना वापरायचं नाही.

१०. गावातून बर्फ आणणं

नवख्या माणसाला हे सुचत नाही, आणि खरं तर हेच सगळ्यांत सोपं आहे. जिथे मासळीचं बंदर, तिथे बर्फ. दापोली किनाऱ्यावर हर्णैचं बंदर आहे. तिथला मासळीचा लिलाव बघायला लोक लांबून येतात. लिलावातली मासळी बर्फाशिवाय कुठेच जाऊ शकत नाही. तिथे कुणालाही “बर्फ कुठे मिळेल?” विचारलं की हात करून दाखवतात. फक्त १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात हा भरवसा धरू नका. त्या दिवसांत किनाऱ्यावर तंबूही नको.

पहिल्यांदा मी बर्फाच्या कारखान्यात गेलो तेव्हा बराच वेळ तिथेच उभा राहिलो. जमिनीत मिठाच्या गार पाण्याची मोठी टाकी, तिच्यात पत्र्याचे उंच डबे बुडवलेले. डबा वर काढून साध्या पाण्यात क्षणभर धरला की लादी सुटून फरशीवर घसरत येते. कडेला काचेसारखी आरपार, मध्ये पांढरी. पाणी बाहेरून आत गोठत जातं आणि त्यात विरघळलेली हवा शेवटी मध्यभागी अडकते, म्हणून तो पांढरा गाभा. कामगाराने टोच्याने लादीवर आडवी रेघ ओढली, रेघेवर चार-पाच ठिकाणी टोचलं, आणि शेवटच्या ठोक्याला लादी सरळ दुभंगली. चुरा जेमतेम ओंजळभर.

तुम्ही जाताना पेटीच्या आतली लांबी-रुंदी मोजून जा आणि त्या मापाचा एकच ठोकळा मागा. “फोडून देऊ का?” असं विचारतील, नको म्हणा. ठोकळा जाड पिशवीत, पिशवी गोणपाटात. गोणपाटाच्या आत लाकडाचा भुसा मिळाला तर उत्तम. माझ्या लहानपणी लग्नाच्या मांडवात सरबतासाठी आणलेली लादी भुशात पुरून ठेवायचे, ती संध्याकाळपर्यंत टिकायची.

आम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दहा किलो आणि चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा आठ किलो घेतो. बर्फ संपायची वाट बघू नका. पेटी एकदा तापली की नवा बर्फ आधी पेटी गार करण्यातच जातो.

एक सक्त सूचना: हा बर्फ मासळीसाठी केलेला असतो. पिण्याच्या पाण्यात, सरबतात, कापलेल्या फळांवर तो घालायचा नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यायोग्य नसलेल्या बर्फाला निळा रंग देण्याचा नियम आहे, पण रंग दिसला नाही म्हणून बर्फ पिण्यायोग्य आहे असं समजू नका. पिशवी फाटली नाही ना, हे रोज बघा.

शहरात मिळणारा कोरडा बर्फ, म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांचा असतो. तो मुलांच्या हाताशी, बंद गाडीत किंवा तंबूत धोक्याचा आहे. त्याचा वायू कोंडला तर माणूस गुदमरू शकतो. चार दिवसांच्या सहलीला त्याची गरज नाही.

११. मासळी

किनाऱ्यावर जाऊन मासळी खायची नाही असं कसं होईल? पण ती साठवायची नाही. त्या दिवशी घ्या, त्याच रात्री संपवा. लिलावाच्या वेळी बंदरावर जाताना छोटा थर्माकोलचा डबा आणि चुरा केलेला बर्फ घेऊनच जा. इथे मात्र चुराच हवा, कारण मासळीला चारी बाजूंनी बर्फ टेकला पाहिजे. खाली बर्फ, वर मासळी, वर पुन्हा बर्फ, आणि पाणी खाली निथळू द्या.

बांगडा आणि कुपा यांच्याबाबत जास्तच जपा. हे मासे गरम राहिले तर त्यांच्या मांसात हिस्टामिन नावाचं त्रासदायक रसायन तयार होतं आणि ते तळून, उकळून, कशानेही नाहीसं होत नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं दुखतं. लोक त्याला मासळीची ॲलर्जी समजतात. बांगडा उन्हात टोपलीत पडलेला असेल तर कितीही स्वस्त दिला तरी घेऊ नका. मासळी आणलेला डबा पुन्हा दुसऱ्या अन्नाला वापरू नका.

१२. थर्मामीटर काय सांगतो ते ऐका

रोज सकाळी आणि संध्याकाळी, नाहीतरी पेटी उघडतेच तेव्हा, थर्मामीटरची सळई दोन डब्यांच्या मध्ये खोचून आकडा बघा. बाटलीला टेकवू नका, चुकीचा कमी आकडा येतो. वहीत लिहून ठेवा.

५ अंशांपर्यंत सगळं ठीक. ६ किंवा ७ दिसलं तर बर्फ आणायला माणूस पाठवा, आणि आकडा दोन तासांच्या आतच वर गेल्याची खात्री असेल तर त्याच जेवणात मांस शिजवा. मांस, मासळी, दूध, पनीर, शिजवलेलं अन्न ५ अंशांच्या वर दोन तासांहून जास्त राहिलं असेल, किंवा बाहेर ३२ अंशांच्या वर उकाडा असताना तासाभराहून जास्त उघड्यावर राहिलं असेल, तर टाकून द्या. किती वेळ गेला हे सांगता येत नसेल तरीही टाकून द्या.

वास घेऊन ठरवू नका. जे जंतू आजारी पाडतात त्यांच्यामुळे अन्नाला वास यावाच असं नाही. आमच्या चटणीला वास नव्हता.

अन्न टाकणं जिवावर येतं, विशेषतः आपल्या घरांत. त्यासाठी मी दरवर्षी एका जेवणाचं सुकं सामान जास्त नेतो: कुळथाचं पीठ, तांदूळ, आमसुलं, सुकट. चिकन टाकावं लागलं तरी अर्ध्या तासात पिठी-भात पानात असतो आणि कुणी उपाशी झोपत नाही. टाकलेलं अन्न तळापासून लांब, खोल खड्ड्यात पुरा.

१३. परत आल्यावर

त्याच दिवशी पेटी रिकामी करा. उरलेल्या अन्नाचा मोह नको. साबणाच्या गरम पाण्याने धुवा, बूच काढून त्याची नळी ब्रशने घासा. मासळीचा वास तिथेच राहतो. रबराच्या पट्टीतली वाळू जुन्या टूथब्रशने काढा, नाहीतर पुढच्या वर्षी झाकण बसत नाही. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, सावलीत झाकण उघडं ठेवून दोन दिवस वाळवा. माळ्यावर ठेवतानाही झाकण आणि पेटीच्या मध्ये एक लाकडी चमचा अडकवून फट ठेवा, म्हणजे आत बुरशी धरत नाही. तापमानाची वही मी पेटीवरच पिशवीत घालून ठेवतो.